केंजळेबाईंचा आवाज छताशी चढला त्याची हकीकत

श्री. वीणा वाजविणाऱ्या देवीस नमन असो. तिचा सूर पहिल्या बाकास ऐकू येतो तैसाच शेवटच्या बाकास, मध्ये पिठाची गिरणी आडवी येत नाही, हे तिचे थोरपण. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, ज्येष्ठ वद्यात शाळा उघडली तेथपासोन आश्विन अखेरपर्यंतचे वर्तमान ऐसे जे: एक राज्य होते. त्याचे नाव लिहू नये अशी लिहिणारास ताकीद आहे, सबब लिहीत नाही. राज्यात बारा किल्ले, म्हणजे पाचवी ते दहावीचे बारा वर्ग, आणि एकेका किल्ल्यावर चाळीस-पंचेचाळीस पोरांची शिबंदी. राज्याचे धनी मुख्याध्यापक निकम सर, त्यांस पाठीमागे सर्वजण हुजूर म्हणत आणि तोंडावर सर म्हणत. बारा किल्ल्यांत सातवी 'ब' हा किल्ला बहुत बिकट, कारण त्याचे पूर्वेस पिठाची गिरणी आणि पश्चिमेस एसटीचा थांबा, आणि दोहोंच्या मध्ये बसोन भूगोल शिकविणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. त्या किल्ल्याच्या किल्लेदार वत्सलाबाई केंजळे. एकोणतीस वर्षे त्यांनी भूगोलाचा अंमल चालविला तो निव्वळ आवाजावर. त्यांनी 'गप्प बसा' म्हटले की वर्ग तर गप्प होईच, पण गिरणीवाला दाणे ओतता ओतता हात आवरी, आणि थांब्यावरला कंडक्टर घंटी मारण्याआधी एकवार शाळेकडे पाही. ऐसा आवाज पंचक्रोशीत दुसरा नव्हता. बाईंस त्याचा अभिमान होता, आणि का नसावा.

पुढे दैवाची गत कशी पाहा. मागील दोन सालांपासोन तो आवाज झिजत चालला आणि या ज्येष्ठात अगदीच बसला. तालुक्याच्या डॉक्टरांनी घशात नळी घालोन पाहिले आणि सांगितले की स्वरयंत्रावर गाठी आल्या आहेत, औषध घ्या, गरम पाणी प्या, आणि मुख्य म्हणजे ओरडू नका. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, मी सातवी 'ब'ला शिकवते." डॉक्टरांनी सातवी 'ब' पाहिली नव्हती, सबब त्यांस या बोलण्याचा अर्थ कळला नाही. मग बाईंनी ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरली आणि वर्गावर जाणे चालू ठेविले, आणि जो काही आवाज उरला होता त्यात नद्या, पर्वत, वारे, सर्व शिकवू लागल्या. मनात धाकधूक होतीच. परंतु एका गोष्टीने त्यांस धीर असे. तास संपता संपता त्या नेमाने शेवटच्या बाकावरल्या समाधान मदने यास उभा करीत आणि प्रश्न घालीत, आणि समाधान अचूक उत्तर देई. पठारे सांगे, वारे सांगे, एकदा तर अक्षवृत्तांचे गणित त्याने न चुकता सांगितले. मग बाई मनाशी म्हणत, शेवटच्या बाकास पोचतो आहे तोवर आवाज गेला ऐसे कोणी म्हणू नये. घरी जाताना या एका गोष्टीवर त्यांचे पाऊल हलके पडे.

परंतु पालकांच्या तक्रारी हुजुरांकडे गेल्या. आषाढात हुजुरांनी बाईंस बोलावणे पाठविले. बाई गेल्या. हुजूर मनाचे मऊ, कडू गोष्ट सांगावयाची तर आधी टेबलावरचा पेपरवेट तीन वेळा फिरवीत, तो त्यांनी फिरविला आणि म्हणाले, "बसा बाई." बाई म्हणाल्या, "उभीच बरी सर." हुजूर म्हणाले, "तुमचा आवाज मागं जात नाही अशी बोलवा आहे." बाई म्हणाल्या, "मग शेवटच्या बाकाला विचारा की." हुजूर म्हणाले, "विचारलं. तो मदने म्हणाला, सगळं ऐकू येतं." बाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "झालं तर मग." हुजुरांनी पेपरवेट चौथ्यांदा फिरविला. "बाई, काल मी स्वतः मागच्या दाराशी उभा होतो. पंधरा मिनिटं. मला एक अक्षर नाही ऐकू आलं." मग हुजूर बोलिले की दिवाळीपर्यंत पाहू, न जमल्यास दिवाळीनंतर तुम्हांस ग्रंथालय सांगतो, तेथे बोलावे लागत नाही, सुखात राहाल. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली, तीन कपाटे, त्यांतील एकाची किल्ली सापडत नव्हती. निवृत्तीस दोन वर्षे उरली असता कुलपांची राखण करीत बसणे म्हणजे जिवंतपणी भिंतीवरला फोटो होणे, ऐसे बाईंस वाटले आणि त्या माघारी आल्या. त्या दिवशी घरी त्यांनी पोळ्या लाटल्या त्या सर्व वाकड्या जाहल्या.

श्रावणात वर्तमान आले की राज्यातून शिकोन थोर जाहलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी एकत्र होऊन बाराही किल्ल्यांस ध्वनियंत्रे देण्याचे योजिले. एकेका वर्गात छताशी चार कर्णे, गुरुजनांनी गळ्यात घालावयाचा ताईताएवढा बिनतारी माईक एक, आणि पोरांनी हातोहात फिरवावयाचा दुसरा. हुजुरांस बहुत संतोष जाहला. त्यांनी दरबार भरविला आणि सांगितले की संस्थेचे सचिव आबासाहेब दसऱ्याच्या दुसरे दिवशी खासा येऊन प्रत्येक किल्ल्यावर शेवटच्या बाकावर बसणार, आणि जेथे ऐकू येईल तेथे जैसे आहे तैसे चालू राहील. हे बोलताना हुजुरांनी बाईंकडे पाहिले नाही, म्हणोन बाईंस कळले की हे आपल्यासाठीच आहे. तेव्हा दरबारात दोघेजण यंत्रास विरुद्ध जाहले. एक बाई स्वतः. त्या म्हणाल्या, "उसना आवाज घेऊन शिकवायचं का आता?" दुसरे रणपिसे सर. हे सातवी 'अ'चे किल्लेदार, इतिहास शिकवीत आणि कवायतही घेत, आणि बाईंचा आवाज बसल्यापासोन राज्यातला पहिला आवाज त्यांचा. ते मिशीवर हात फिरवोन म्हणाले, "माझ्या नरड्यात देवानं कर्णा बसवूनच धाडलंय. मला ह्या डबड्याची गरज नाही. केंजळेबाईंना द्या, त्यांना लागेल." सर वाईट नव्हते, पण बोलण्यास लगाम नव्हता. बाई त्या दिवसापासोन त्यांच्या डब्यातले लोणचे घेईनात.

यंत्रे बसविण्यास इब्राहिम मुजावर यांस बोलाविले. हे तालुक्याचे साउंडवाले, लग्ने, उरूस, गणपती, सभा, सर्वांचा आवाज यांच्याच हातचा. यांनी निरोप धाडिला की गणपती उठल्याखेरीज येणे होत नाही, आणि गणपती उठल्यावर आले तो पितृपक्ष लागला. मग राज्यात मोठी पंचाईत पडली. पितृपक्षात नवी वस्तू कशी आरंभावी? हुजूर म्हणाले, "नवरात्रात या." मुजावर म्हणाले, "सर, नवरात्रात माझ्या सात देव्या हायत. मला मोकळा म्हंजे पितृपक्षच. तेवढ्यात कुनी लगीन काढत न्हाई." मग दोघांनी चहा घेतला आणि हुजुरांनी तोड काढिली ती ऐसी की यंत्र बसवावे पितृपक्षात आणि नारळ फोडावा घटस्थापनेस, मध्ये जे काही बोलले जाईल तो आरंभ नव्हे, ते टेस्टिंग. हा निवाडा सर्वांस मानवला. त्याउपरि मुजावरांनी शिड्या लावल्या, आणि आठ दिवसांत बाराही किल्ल्यांवर कर्णे चढविले, आणि राज्यातली सर्व पोरे मधल्या सुटीत 'हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री' एवढेच बोलू लागली.

सातवी 'ब'स मुजावर खासा आले आणि ताईत बाईंच्या हाती देऊन म्हणाले, "बाई, ह्यो गळ्यात घाला आन निस्तं बोला. वरडायचं न्हाई. लग्नात नवऱ्याचा मामा माईक तोंडात धरून खातो, तसं न्हाई करायचं. ह्यो बारीक आवाजाचाच देव हाय." बाई म्हणाल्या, "बारीक आवाजाचा देव?" मुजावर म्हणाले, "व्हय. मोठ्या आवाजाला काय, कुनीबी ऐकतंय." बाईंनी नाक मुरडले, परंतु हुजुरांची आज्ञा, सबब ताईत गळ्यात घातला आणि हळूच म्हणाल्या, "मुलांनो, पुस्तक काढा." तो काय नवल, ते बोलणे छतातून उतरले, गोल आणि भरीव, गिरणीच्या वर, थांब्याच्या वर, आणि त्रेचाळीस पोरांनी एकदम माना वर करोन छतास "हो बाई" म्हणोन उत्तर दिले. बाई म्हणाल्या, "अरे, मी इकडे आहे." हेही छतानेच सांगितले, म्हणोन पोरांनी छताकडेच पाहिले. दोन दिवस ऐसे चालले. ज्यास उत्तर यावे तो छतास सांगे, ज्यास लघवीस जावयाचे तो छताची परवानगी मागे. तिसऱ्या दिवशी बाईंनी पट्टी घेऊन स्वतःच्या कपाळावर ठेविली आणि म्हणाल्या, "हे बघा, बाई इथं." पोरे हसली आणि मग खाली पाहू लागली.

त्याउपरि बाईंस जो सुखाचा काळ आला तो लिहावा तितुका थोडा. एकोणतीस वर्षे त्यांनी भूगोल सांगितला तो ओरडोन, आणि ओरडोन सांगितलेली नदीदेखील रागावल्यासारखी वाटते. आता त्या हळू बोलू लागल्या आणि त्यांस आपलेच बोलणे नवे वाटू लागले. कोयना कोठे वळते ते गोष्ट सांगावी तैसे सांगावे, मध्ये थांबावे, एखाद्यास नुसते "शाब्बास रे" म्हणावे आणि ते शेवटच्या बाकापर्यंत जावे, ऐसे त्यांनी जन्मात केले नव्हते. एके दिवशी त्यांनी विनोदही केला. तो विशेष नव्हता, पण पोरे हसली. घटस्थापनेस नारळ फुटला तोवर बाई त्या ताईताच्या पुऱ्या कह्यात गेल्या होत्या, आणि तो मऊ कापडात गुंडाळोन कपाटात ठेवीत आणि सकाळी कापड सोडताना हात जोडीत. रणपिसे सरांनी मात्र एकदाच ताईत घातला, आणि सवयीने छाती भरोन 'सावधान' ऐसा पुकारा केला. दोन्ही शेजारी किल्ल्यांची जोडणी तेव्हा चुकोन एकच जाहली होती, सबब ती आज्ञा भिंत ओलांडोन सातवी 'ब'च्या छतातून कोसळली, आणि बाईंच्या वर्गातली त्रेचाळीस पोरे भूगोल टाकोन ताठ उभी राहिली, आणि खिडकीतली पारवी उडाली ती दोन दिवस आली नाहीत. मुजावरांनी येऊन दोन किल्ल्यांच्या वाटा निराळ्या केल्या. सरांनी ताईत खुंटीस टांगला तो टांगला, आणि पुन्हा आपल्या नरड्यावर राज्य चालविले.

मग आश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी आली. त्या दिवशी शस्त्रे पूजावी हा देशरिवाज, आणि राज्याचाही रिवाज ऐसाच की ज्याचे जे शस्त्र त्याने ते पूजावे. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत काचनळ्यांस गंध लागले, कवायतीच्या लेझमांस फुले वाहिली, गणिताच्या सरांनी मोठ्या कंपासपेटीस उदबत्ती ओवाळली. सर्वांनी नव्या माइकांसही पाठीवर एकेक टिळा लाविला. केंजळेबाईंचे मात्र तेवढ्यावर भागले नाही. ज्याने आपला आवाज परत दिला त्यास टिळा तो पाठीवर कसा लावावा? देवास कोणी पाठीवर टिळा लाविते काय? सबब बाईंनी ताईत चौरंगावर ठेविला, त्यास दुधाचे चार थेंब शिंपडिले, आणि कुंकू ओले कालवोन चांगले बोटभर त्याच्या तोंडावर, म्हणजे जेथे बारीक भोके असतात बरोबर तेथे, लाविले, वर हळद लाविली, वर अक्षता चिकटविल्या, आणि डोळे मिटोन म्हणाल्या, "परवा लाज राख." पोरांचा हातातला माइक त्या वेळी वर्गात खिडकीपाशी चार्जिंगला होता, त्याची पूजा राहिली. बाईंस त्याची रुखरुख लागली, पण दुसरे दिवशी दसऱ्याची सुटी, म्हणोन म्हणाल्या, राहू दे. ते ओले कुंकू दोन दिवसांत वाळले आणि भोकाभोकांत शाडूसारखे घट्ट बसले.

एकादशीस आबासाहेबांची स्वारी आली. पांढरा सदरा, हाती काठी, कान वयाने थोडे जड, पण नजर तीक्ष्ण. चार किल्ले पाहोन जाहले, सर्वत्र उत्तम, आणि मग स्वारी सातवी 'ब'वर आली आणि हुजुरांसह शेवटच्या बाकावर, समाधान मदने याचे शेजारी बसली. धडा भरती-ओहोटीचा. बाईंनी रात्री बारा वेळा घोकला होता. त्यांनी कुंकू लागलेला ताईत भक्तीने गळ्यात घातला, कळ दाबली, हिरवा दिवा लागला, आणि म्हणाल्या, "मुलांनो, समुद्राचं पाणी कोण ओढतं?" छतातून जे आले ते गोधडीत तोंड घालोन कोणी बोलावे तैसे आले. बाईंनी ताईत तोंडाजवळ नेला, तोच प्रकार. टिचकी मारिली, धप ऐसे वाजले. आबासाहेबांनी कानास हात लाविला. हुजूर लाल जाहले आणि जमिनीकडे पाहू लागले. पलीकडे गिरणीवाल्याने नेमका तेव्हाच पट्टा चढविला. जिन्याखालची ती खोली, ती तीन कपाटे, ती हरवलेली किल्ली, सर्व त्यांस समोर दिसले. परंतु किल्लेदाराने तट पडला म्हणोन किल्ला सोडू नये. बाईंनी ताईत काढोन टेबलावर ठेविला आणि मेजाच्या पुढे येऊन, जो काही आवाज उरला होता त्यात, धडा आरंभिला. "समुद्राचं पाणी चंद्र ओढतो," ऐसे म्हणाल्या. दुसऱ्या बाकापलीकडे ते गेले नाही, हे त्यांचे त्यांसही समजले.

तो एकाएकी छत बोलू लागले. बाईंचा आवाज नव्हे, बारीक पोरीचा, कुजबुजता, परंतु चारी कोपऱ्यांतून स्वच्छ. छत म्हणाले, "बाई म्हनत्यात, समुद्राचं पानी चंद्र वडतो. मागं सांग." मग दुसरा आवाज म्हणाला, "चंद्र पानी वडतो. मागं सांग." मग पहिला म्हणाला, "बाईंकडं बघत ऱ्हावा रे सगळी. आज माईक मेलाय, जून म्हैन्यागत करायचं. पन त्यास्नी कळू देऊ नका, वाईट वाटंल बाईंला." एवढे बोलोन छत गप्प जाहले, कारण तिसऱ्या बाकावरल्या आरती लोहार हिने तेव्हा खाली पाहिले, आणि तिला कळले की पोरांचा हातातला माइक, जो बाईंनी तास लागताच प्रश्नोत्तरांसाठी तिच्यापाशी दिला होता, तो तिच्या वहीवर आहे आणि त्याचा हिरवा दिवा लागलेला आहे. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. गिरणी तेवढी चालली होती.

बाई उभ्या होत्या तेथेच उभ्या राहिल्या. आधी त्यांस लाज वाटली, आणि ती लहान नव्हती. ज्येष्ठापासोन ज्या एका गोष्टीवर त्या डोके वर करोन घरी जात, हुजुरांपुढे जिचा दाखला दिला, ती खरी नव्हती. आवाज शेवटच्या बाकास कधीच पोचत नव्हता. पोरे पोचवीत होती. मग त्या सावकाश चालत मागे गेल्या आणि विचारिले, "समाधान, जूनपासून?" समाधान उभा राहोन खाली मान घालोन म्हणाला, "व्हय बाई." बाईंनी विचारिले, "रोज?" तो म्हणाला, "भूगोल तेवढा. बाकी सरांचं ऐकू येतंय." बाई म्हणाल्या, "आणि नकाशे? ते कसे सांगितलेत मागं?" समाधान म्हणाला, "ते सांगता येत न्हाईत. आरती काढती वहीत, आन वही येती मागं." मग तो म्हणाला, "तुमी मला इचारायचा, म्हनून माझ्यापातूर यायलाच लागायचं." हे ऐकोन बाईंस हसावे की रडावे ते कळेना, आणि त्यांनी दोन्ही केले. त्यांच्या जन्माचा एवढा मोठा मान यापूर्वी कोणी केला नव्हता, आणि तोही चोरोन.

आबासाहेबांनी काठी जमिनीवर ठेविली आणि समाधानास विचारिले, "काय रे, समुद्राला भरती रोज एकाच वेळेला येते का?" हे बाईंनी आज सांगितले नव्हते, गेल्या आठवड्यात छतातून सांगितले होते. समाधान म्हणाला, "न्हाई साहेब. रोज पन्नासएक मिनिटं उशिरा." आबासाहेब म्हणाले, "समुद्र बघितलास कधी?" तो म्हणाला, "न्हाई. बाईंनी बघितलाय." आबासाहेबांनी हुजुरांकडे पाहिले आणि म्हणाले, "निकम, या बाईंना तुम्ही दिवाळीनंतर जिन्याखाली बसवणार होता ना? मग ही त्रेचाळीस पोरंही त्यांच्या मागोमाग तिथं जाऊन बसतील. तीन कपाटांत मावायची नाहीत." हुजुरांस फिरविण्यास पेपरवेट नव्हता, म्हणोन ते बाकावरचे खोडरबर फिरवीत म्हणाले, "चूक माझीच आबासाहेब. आषाढात मी दाराशी उभा होतो, आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही. आता कळलं. मी शेवटच्या बाकाच्याही मागं होतो. मला कुणी मागं सांगितलं नाही." मग हुजुरांनी तेथल्या तेथे आज्ञा केली की ग्रंथालयाची गोष्ट रद्द, आणि बाईंचा अंमल निवृत्तीपर्यंत सातवी 'ब'वर कायम.

दुपारी मुजावर आले. त्यांनी ताईत उजेडास धरोन पाहिला. मग दात घासावयाचा जुना ब्रश मागोन घेतला, आणि एकेक भोक कोरोन काढिले, आणि अक्षतांचा दाणा चिमटीत धरोन म्हणाले, "बाई, मी देव म्हनलो ते बोलायची पद्धत. खरंच तोंडात कुंकू भरायचं न्हवं. आता पुढल्या खंडेनवमीला ह्याच्याफुडं निस्तं हात जोडा, त्याला ऐकू येतंय." बाई म्हणाल्या, "आणि टिळा?" मुजावर म्हणाले, "टिळा आरतीच्या वहीला लावा." बाईंनी त्याच सायंकाळी लाविला.

त्याउपरि चार दिवसांत आणखी एक नवल जाहले. दसऱ्याची कवायत रणपिसे सरांनी सहा दिवस भर उन्हात घेतली होती, त्यात त्यांचा घसा फुटला, आणि राज्यातला पहिला आवाज खुंटीवरला ताईत हाती घेऊन सातवी 'ब'च्या दाराशी आला आणि खाणाखुणा करू लागला. बाईंनी विचारिले, "काय सर?" सर महत्प्रयासे म्हणाले, "हा ताईत. कसा घालायचा?" बाईंनी उठोन त्यांच्या गळ्यात तो स्वतः घातला, कळ कोठे ते दाखविले, आणि म्हणाल्या, "ओरडायचं नाही सर. मोठ्या आवाजाला काय, कुणीही ऐकतं." सरांनी मान हलविली. मधल्या सुटीत बाईंनी त्यांच्या डब्यातले लोणचे घेतले.

दिवाळीच्या सुटीपूर्वीचा अखेरचा तास. ताईत उत्तम चालू होता, छत मोकळे होते. बाईंनी धडा संपविला, वर पाहिले, आणि आपण होऊन कळ बंद केली. पोरांस वाटले पुन्हा बिघडला. बाई पहिल्या बाकापाशी गेल्या, वाकल्या, आणि स्वतःच्या फुटक्या आवाजात हळूच म्हणाल्या, "दिवाळीनंतरही बाई इथंच. मागं सांग." पहिल्या बाकाने दुसऱ्यास सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्यास, आरतीने चौथ्यास, आणि बाई फळ्यापाशी उभ्या राहोन ते वाक्य माना वळवीत वळवीत मागे जाताना पाहत राहिल्या. ज्येष्ठापासोन यंत्र येईपर्यंत त्यांचे बोलणे रोज ऐसेच गेले होते आणि त्यांनी एकदाही पाहिले नव्हते. शेवटी ते समाधानापाशी पोचले. त्याने ऐकले, थोडा विचार केला, आणि पुढल्या बाकाच्या कानात काही सांगितले. मग माना उलट्या वळू लागल्या, आणि ते बोलणे बाकामागोन बाक पुढे येऊ लागले, जैसे त्या वर्गात पूर्वी कधी आले नव्हते. पहिल्या बाकावरल्या पोरीने उठोन बाईंच्या कानाशी तोंड नेले आणि म्हणाली, "बाई, मागनं निरोप आलाय. ऐकू आलं म्हनत्यात."

येणेप्रमाणे सातवी 'ब'चा किल्ला राखिला तो यंत्राने थोडा आणि पोरांनी फार. कर्णे अद्यापि छताशी आहेत, पारवी परत आली आहेत, आणि तिसऱ्या कपाटाची किल्ली अजून सापडत नाही. ही हकीकत वाचणाराने हळू आवाजात वाचावी, शेजारी बसला असेल त्यास सांगावी, आणि त्याने पुढल्यास. लेखनसीमा.